पार्ले पूर्व, २५ फुटी रस्ता: एफएसआय १ की ३? आणि खाली गाळे, पहिल्या मजल्यावर ऑफिसं चालतील का?

पार्लेकर_सचिव:
नमस्कार मंडळी. सोसायटी विलेपार्ले पूर्वेला आहे. प्रॉपर्टी कार्डावर १२२६ चौ. मी., प्लॉट साधारण ३१ × ३९.५ मीटर. १९८३ ची ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), तळ अधिक तीन मजले, २४ फ्लॅट आणि रस्त्याला लागून ४ गाळे, म्हणजे २८ सभासद. मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम क्षेत्र ११८० चौ. मी. समोरचा रस्ता टेपने मोजला तर कुठे ७.४, कुठे ७.६ मीटर भरतो.

पुनर्विकास करायचाय, पण एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल, यावर एकमत नाही. एक बिल्डर म्हणतो "तीन एफएसआय मिळेल". दुसरा म्हणतो "रस्ता नऊ मीटर नाही, एकच मिळेल, आम्हाला परवडत नाही". ठाण्याहून एका सभासदाचे मेहुणे सांगतात की हल्ली ६० टक्के जादा मिळतं. कमिटीतल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं, आपला झोन आर-१ असल्यामुळे नवीन इमारतीत गाळे चालणारच नाहीत. बहुसंख्य सभासदांना मात्र तळमजल्यावर गाळे आणि पहिल्या मजल्यावर बँक, दवाखाने असं काही हवं आहे. महिन्याला थोडं उत्पन्न, एवढाच हेतू.

यातलं खरं काय? आणि आधी कुठला कागद काढायचा?

नकाशा_खिडकी:
तुमचे दोन्ही बिल्डर खरं बोलतायत, म्हणून तर गोंधळ झालाय. मेहुणे मात्र बाजूला ठेवा. ठाण्याला यूडीसीपीआर लागते. ती २०२० ची एकत्रित नियमावली, आणि मुंबई महानगरपालिकेची हद्द तिच्यातून वगळलेली आहे. तिच्यातलं निवासी ६० टक्के, अनिवासी ८० टक्के अॅन्सिलरी क्षेत्र मुंबईत नाही. इथे डीसीपीआर २०३४ ही मुंबईची वेगळी नियमावली चालते, १ सप्टेंबर २०१८ पासून. तिच्यात त्या जागी फंजिबल असतं, म्हणजे एफएसआयवर ३५ टक्के जादा बांधकाम.

ज्येष्ठांचं आर-१, आर-२ हे १९९१ च्या नियमावलीतलं. तेव्हा आर-२ म्हणजे दुकानांना मोकळीक असलेला निवासी झोन. २०३४ मध्ये तो भेदच गेला, आता निवासीला आर आणि व्यापारीला सी. गाळे चालतात की नाही हे झोनच्या नावावरून नाही, विनियम ३४ मधल्या वापरांच्या तक्त्यावरून ठरतं. त्यावर खाली लिहितो.

आधी एफएसआय. उपनगरासाठी विनियम ३० चा तक्ता असा चालतो: मूळ १.०. रस्ता ९ मीटरहून कमी असेल तर तेवढ्यावरच थांबतो. ९ ते १२.२० च्या आत असेल तर प्रीमियम भरून ०.५ आणि टीडीआर (दुसरीकडून विकत घ्यायचा बांधकाम हक्क) ०.५, एकूण २.०. १२.२० पासून १८.३० च्या आत २.२, त्यापुढे ३० च्या आत २.४, आणि ३० मीटर व वर २.५. शहर भागात मूळ १.३३ आहे, तो तुमचा विषय नाही.

म्हणजे सगळं गाडं ९ मीटरवर अडलंय. पण टेप लावून रस्ता ठरत नाही. विकास आराखड्यात किंवा महापालिका अधिनियमाच्या कलम २९७ खाली रस्त्याची आखीव रेषा, आपण जिला आर.एल. म्हणतो, ९ मीटर किंवा जास्त मंजूर असेल तर ती रुंदी धरली जाते. बदल्यात तुमच्या हद्दीत येणारी रस्त्याची पट्टी, म्हणजे सेटबॅक, महापालिकेच्या ताब्यात द्यायची. पार्ल्यातल्या कित्येक गल्ल्या आज २५ फुटी दिसतात, पण त्यांना ३० फुटांची, म्हणजे ९.१५ मीटरची आर.एल. पडलेली असते. तुमच्या सीटीएस नंबरवर (नगर भूमापन क्रमांक) डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यातला प्लॉटबद्दलचा शेरा, ऑनलाइन काढा आणि त्यासोबत आर.एल. चा सर्व्हे रिमार्क मागा. पहिला कागद हाच. तो येईपर्यंत एकाही बिल्डरशी आकड्यांवर बोलू नका.

रिमार्कमध्ये आर.एल. कुठल्या बाजूला सरकवलीय ते नीट बघा. दोन्हीकडे सारखी असेल तर तुमच्याकडून ०.८३ मीटरच्या आसपास जाईल, ३१ मीटर दर्शनी लांबीवर सुमारे २६ चौ. मी. सगळी रुंदी तुमच्याच बाजूने घेतली असेल तर ५१. सेटबॅक फुकट जात नाही, उपनगरात त्याचा मोबदला दुप्पट क्षेत्राने मिळतो. पण प्लॉटची खोली कमी होते आणि ती परत मिळत नाही.

चटई_गणित:
वरच्या प्रतिसादाला आकडे जोडतो. २६ चौ. मी. सेटबॅक वजा करून प्लॉट १२०० धरला आहे. सगळं ढोबळ, सेटबॅकचा मोबदला यात नाही.

आर.एल. ९.१५ निघाली तर: मूळ १२००, प्रीमियमचे ६००, टीडीआर ६००. झाले २४००.

त्यावर विनियम ३३(७)(ब). इमारत ३० वर्षं जुनी असली आणि सभासदांचं पुनर्वसन त्याच प्लॉटवर असलं की जुन्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौ. मी., यातलं जे जास्त ते प्रीमियमशिवाय मिळतं. तुमचे १५ टक्के म्हणजे १७७. २४ सदनिका गुणिले १० म्हणजे २४०. म्हणून २४०. गाळे मी यात मुद्दाम धरले नाहीत, हिशेब कमीकडे झुकलेला बरा. झाले २६४०.

त्यावर फंजिबल ३५ टक्के, ९२४. एकूण ३५६४ चौ. मी. याला १२०० ने भागा: २.९७. हाच पहिल्या बिल्डरचा "तीन". तक्त्यातला २.० आणि त्याचा ३ एकच आहे, त्याने सगळं एकात ओतून सांगितलं.

आर.एल. नसेल तर (प्लॉट ढोबळ तोच १२०० धरून): १२०० अधिक २४०, त्यावर ३५ टक्के, १९४४. सभासदांचं जुनं ११८० आणि त्यावरचं फंजिबल ४१३ मिळून १५९३ तिथेच संपतात. विक्रीला उरतात ३५१. एवढ्यात भाडं, कॉर्पस आणि बांधकामाचा खर्च निघणार नाही. दुसरा बिल्डर पळतोय तो यासाठी.

फंजिबलमध्ये एक गोष्ट सभासदांनी नीट समजून घ्यावी. ९२४ पैकी जुन्या क्षेत्रावरचे ४१३ प्रीमियमशिवाय मिळतात, पण ते सभासदांसाठीच. बिल्डरने ते विक्रीच्या फ्लॅटमध्ये वळवायचे नाहीत. निवासीचं निवासीला, गाळ्यांचं गाळ्यांना. "आम्ही तुम्हाला २५ टक्के जादा देतो" अशी ऑफर आली तर ते औदार्य नव्हे. ३५ टक्के नियमानेच तुमच्या नावावर पडतात. आज ४० चौ. मी. कार्पेट असेल तर ५४ ही तुमची सुरुवातीची रेघ, म्हणजे सुमारे ५८० चौरस फूट. घासाघीस त्याच्या वर करायची.

खर्चाचा अंदाज: ०.५ प्रीमियम एफएसआयचा दर रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराच्या ५० टक्के. जमिनीचा दर उदाहरणादाखल एक लाख रुपये चौ. मी. धरला तर ६०० × ५०,००० = ३ कोटी. टीडीआर बाजारातून घ्यायचा आणि तो जसाच्या तसा चढत नाही. जिथे निर्माण झाला तिथला जमिनीचा दर भागिले तुमच्याकडचा दर, त्या प्रमाणात तो आक्रसतो. स्वस्त भागातला १००० चौ. मी. टीडीआर पार्ल्यात ४००-५०० वर येऊ शकतो. फीजिबिलिटी रिपोर्टमध्ये "टीडीआर ६०० चौ. मी." एवढंच लिहिलं असेल तर विकत किती घ्यावा लागेल तो आकडा वेगळा मागा.

फनेल_आणि_फूट:
गणित बरोबर आहे, पण पार्ले पूर्वेला ३५६४ कागदावर मिळून उपयोग नाही, ते उंचीत बसलं पाहिजे. तुम्ही विमानतळाच्या फनेलच्या, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखालच्या, टापूत आहात.

विमानतळ प्राधिकरणाचा कलर कोडेड झोनिंग नकाशा पाहा आणि ऑनलाइन ना हरकत दाखल्यासाठी प्लॉटच्या चारही कोपऱ्यांचे डब्ल्यूजीएस-८४ अक्षांश-रेखांश आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची प्रमाणित सर्व्हेयरकडून घ्या. दाखल्यावर येणारी उंची समुद्रसपाटीपासूनची असते, जमिनीपासूनची नाही. ही चूक फार होते. समजा दाखला ४८ मीटरचा आला आणि तुमची जमीन ९ मीटरवर आहे. हातात उरतात ३९. त्यातच गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, लिफ्टची मशीनरूम, वीजवाहक, अँटेना सगळं आलं. बांधकाम चालू असताना क्रेनचं टोकसुद्धा.

आता बसवून बघू. तळमजला गाळ्यांसाठी ४.२, पहिला ऑफिसांसाठी ३.६, वर ८ निवासी मजले प्रत्येकी २.९५, म्हणजे २३.६. गच्चीपर्यंत ३१.४ मीटर. टाकी-मशीनरूमचे ६ धरले की ३७.४. बसलं. शिवाय ३२ मीटरच्या आत राहिलात म्हणून उंच इमारतीच्या व्याख्येतूनही वाचलात, नाहीतर रिफ्यूज क्षेत्र (आगीच्या वेळी थांबायची जागा) आणि अग्निशमनाच्या जास्तीच्या अटी मागे लागतात.

यात पार्किंगचा एकच पोडियम (गाड्यांचा वेगळा मजला) ३ मीटरचा घुसवा. गच्ची ३४.४ वर, टोक ४०.४ वर. एका फटक्यात दोन्ही रेघा ओलांडल्या. म्हणून पार्ल्यात खरा प्रश्न एफएसआयपेक्षा गाड्यांचा असतो.

विनियम ४४ चा हिशेब: ४५ चौ. मी. कार्पेटपर्यंत चार फ्लॅटना एक जागा, ४५ ते ६० ला दोघांत एक, ६० ते ९० ला प्रत्येकी एक, ९० च्या वर प्रत्येकी दोन. व्यापारी क्षेत्राला पहिल्या ८०० चौ. मी. पर्यंत दर ४० ला एक.

सभासदांचे २४ फ्लॅट ५४ चे: १२ गाड्या. विक्रीचे समजा २२, प्रत्येकी ७५ चे: २२. गाळे-ऑफिसं मिळून ३०० चौ. मी.: ८. झाल्या ४२, पाहुण्यांच्या वेगळ्या.

सभासदांना "अजून थोडं द्या" करत ५४ चे ६१ केलेत तर त्यांच्या १२ च्या २४ होतात. सात चौ. मी. साठी बारा गाड्यांची जागा शोधायची. ६० च्या खाली थांबणं शहाणपणाचं. बिल्डर ५९ वर का अडून बसतो हे यावरून कळेल, आणि तिथे तो खोटं बोलत नसतो.

नकाशा_खिडकी:
गाड्यांचं आलंच आहे तर: मोठ्या गाडीला २.५ × ५.५, लहानीला २.३ × ४.५ मीटर, लहान जागा निम्म्यापेक्षा जास्त दाखवता येत नाहीत. गाळ्यांच्या मागे तळमजल्यावर ३०० चौ. मी. स्टिल्ट (खांबांमधली मोकळी जागा) उरला तर फिरायची जागा सोडून १२ खण बसतात. दुमजली स्टॅक (गाडीवर गाडी ठेवायचं यंत्र) टाकलात तर २४, खड्डा करून तीन पातळ्या केल्यात तर ३६. ४.२ मीटरमधून बीमची खोली वजा होते हे आर्किटेक्टला आधीच सांगा. स्टॅक लावताना वरची गाडी बीमला टेकते, असं ओसीच्या तोंडावर कळणारे नकाशे भरपूर असतात. खड्डा केलात तर पंपाला जनरेटरची जोडणी हवी, पार्ल्यात पावसाळ्यात पाणी भरायला वेळ लागत नाही.

आता गाळे. आर झोनमध्ये चालतात, प्रश्न कशासाठी आणि कसे हाच. विनियम ३४ च्या तक्त्यात प्रत्येक वापरापुढे अटींचे क्रमांक असतात: स्वतंत्र इमारत हवी का, तळमजला किंवा पहिलाच का, वेगळा जिना हवा का, रस्त्याची किमान रुंदी किती. बँक, दवाखाना, क्लास, खानावळ या चार वेगळ्या ओळी आहेत. आर्किटेक्टकडून "कमर्शियल" असा मोघम शब्द नकाशावर घेऊ नका. प्रत्येक युनिटवर नेमका वापर लिहून घ्या आणि त्या ओळीच्या अटी शेजारी मांडायला सांगा. नंतर वापर बदलायचा तर पुन्हा परवानगी.

पहिल्या मजल्यावर ऑफिसं आली की त्यांना वेगळा जिना आणि वेगळी ये-जा लागते, आणि तो जिना बाजूच्या सक्तीच्या मोकळ्या जागेत उतरवता येत नाही. इमारतीच्या अंगातच बसवायचा. निवासी जिना व्यापारी भागातून खाली आणलेला अग्निशमन दलाला चालत नाही.

खानावळ, हॉटेल शक्यतो टाळा. आरोग्य खात्याचा परवाना कलम ३९४ खाली वेगळा, आणि धुराचा डक्ट गच्चीपर्यंत न्यावा लागतो. तो नकाशात आधी ठेवला नसेल तर पुढे कुणाच्या तरी बेडरूमच्या खिडकीजवळून जातो आणि सोसायटीत दोन तट पडतात.

चटई_गणित:
पहिला मजला व्यापारी ठेवावा का, यावर माझं मत वेगळं आहे. व्यापारी क्षेत्र ३०० वरून १२० वर आणलं, म्हणजे फक्त तळाचे गाळे ठेवले, तर त्यांच्या गाड्या ८ च्या ३ होतात. पण सुटलेल्या १८० मध्ये दोन-तीन फ्लॅट येतात, त्यांच्या दोन-तीन गाड्या. निव्वळ बचत दोन-तीनचीच. खरी बचत दुसरा जिना, दुसरी लिफ्ट आणि उंचीतल्या ०.६५ मीटरची. ३१ मीटर रुंद प्लॉटवर दुसरा जिना म्हणजे प्रत्येक मजल्यावर एक खोली गेली असं नाही, पण तळमजल्यावर दोन खण गेलेच.

आणि वर कुणी एलओएस (लेआउट ओपन स्पेस) धरलेलं नाही. प्लॉट १००० च्या वर आणि २५०० पर्यंत असला की १५ टक्के मोकळी जागा सोडावी लागते. १२०० वर १८० चौ. मी. पोडियमवरची बाग त्यात धरून चालाल तर फसाल, जमिनीवरची धरा. स्टिल्टमधले ते ३०० चौ. मी. ही जागा आखल्यावर उरतात का, ते तपासा.

पार्लेकर_सचिव:
सगळ्यांचे आभार. रिमार्कचा अर्ज करतो. दोन शंका. एक, कन्व्हेयन्सवर (जमीन सोसायटीच्या नावे केल्याचा दस्त) क्षेत्र १२११ लिहिलंय, कार्डावर १२२६. यातलं कुठलं धरतात? दोन, ठराव किती जणांचा लागतो? ४ गाळेवाल्यांपैकी दोघे विरोधात आहेत.

दस्त_आणि_ठराव:
कन्व्हेयन्स, प्रॉपर्टी कार्ड आणि प्रत्यक्ष मोजणी, तिघांत जे कमी ते. म्हणून नगर भूमापन कार्यालयाची हद्दकायम मोजणी आत्ताच करून घ्या. मोजणीत शेजारच्या सोसायटीची भिंत अर्धा मीटर तुमच्यात निघाली तर तो तिढा आयओडीच्या (महापालिकेची नकाशाला पहिली मंजुरी) आधी सोडवलेला बरा. अर्ध्या मीटरने ३९ मीटर खोलीवर जवळपास २० चौ. मी. जातात, आणि त्यावरचं २.७ पट बांधकाम (वरचे २४० सदनिकांवरचे असल्यामुळे ते घटत नाहीत). १२११ च धरलं तर वरच्या सगळ्या हिशेबातून १५ चौ. मी. प्लॉट, म्हणजे ४० चौ. मी. च्या आसपास बांधकाम कमी करा.

ठराव: सहकार कायद्याच्या ७९(अ) खालचे निर्देश मूळचे ३ जानेवारी २००९ चे, ४ जुलै २०१९ ला बदललेले. पुनर्विकासाच्या सभेला दोन तृतीयांश गणसंख्या, तुमच्या २८ मध्ये १९. मंजुरी एकूण सभासदांच्या ५१ टक्के, म्हणजे १५. हजर असलेल्यांच्या नाही, एकूण सभासदांच्या. विकासक निवडीच्या सभेला उपनिबंधकांचा प्रतिनिधी हवा आणि चित्रीकरण हवं. त्याआधी पीएमसी (प्रकल्प सल्लागार) नेमणूक, फीजिबिलिटी, तो रिपोर्ट सभासदांना आधी वाचायला देणं हे टप्पे क्रमाने दिसले पाहिजेत. क्रम चुकला की विरोधातले दोघे तेवढ्याच मुद्द्यावर वर्ष खातात.

गाळेवाल्यांचा विरोध बहुधा जागेवरून असतो. त्यांना आज रस्त्याचं तोंड आहे. नव्या नकाशात सेटबॅक गेला, समोरची मोकळी जागा सोडली, त्यात गाडीचा रॅम्प आला की एखादा गाळा मागे ढकलला जातो. रॅम्प एकेरी ३ मीटर, दुहेरी ६. दुहेरी घेतलात तर ३१ मीटर दर्शनी भागातून ६ गेले, निवासी प्रवेशाला ३, उरलेल्यात बाजूच्या मोकळ्या जागा वजा करून चार जुने गाळे आणि नवे बसवायचेत. विकास करारात गाळा क्रमांक, दर्शनी रुंदी मीटरमध्ये आणि रस्त्यापासूनचं अंतर लिहून द्या, नुसतं क्षेत्र नको. बहुतेक वेळा विरोध तिथेच मावळतो.

फनेल_आणि_फूट:
एकच जोड. उंचीचा दाखला टेंडरच्या आधी सोसायटीच्या नावाने काढा, बिल्डरवर सोडू नका. वर ४८ धरले ते फक्त उदाहरणाला. ४२ आले तर जमिनीपासून ३३ उरतील, त्यातले ६ टाकी-मशीनरूमचे. गच्ची २७ वर, म्हणजे तुमचे आठचे सहा निवासी मजले. मग ०.५ टीडीआर विकत घेऊन ठेवायला जागाच नाही, आणि टेंडरमधली प्रत्येक ऑफर पुन्हा मांडावी लागेल.